ट्रॉय डॅनियल्सचा तो थ्री, आणि बेंचवर बसणाऱ्या मुलांना काय सांगायचं

नाशिकची_गार्ड
शनिवार, रात्री 9:10

मी सकाळी मुलामुलींना बास्केटबॉल शिकवते. तेरा ते सतरा वयाची मुलं. गेल्या आठवड्यात सरावानंतर सोळा वर्षांची एक मुलगी मागे थांबली. आंतरशालेय स्पर्धेत ती संघात होती. चार सामन्यांत मिळून तीन मिनिटं खेळली. मला म्हणाली, "ताई, उद्यापासून मी नाही आले तर चालेल का? तसंही काय फरक पडतो?"

मी घाईघाईत समजुतीचं काहीतरी बोलले. तिला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. घरी आल्यावर 2014 चा एक सामना आठवला. शोधून काढला आणि पुन्हा पाहिला. तो पाहताना जे मनात आलं ते इथे लिहिते. वाचणाऱ्यांनी आपापलं सांगावं, मला त्या मुलीशी पुन्हा बोलायचं आहे.

एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, प्लेऑफची (मोसमानंतरची बाद फेरी; मालिकेत आधी चार सामने जिंकेल तो संघ पुढे) पहिली फेरी, ह्यूस्टन रॉकेट्स विरुद्ध पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स. मोसमात दोघांचेही 54 विजय आणि 28 पराभव, त्यामुळे मालिका अटीतटीची होणार असं वाटत होतं. पण पहिले दोन सामने ह्यूस्टनच्या घरच्या कोर्टवर झाले आणि दोन्ही पोर्टलंडनं नेले. लामार्कस ऑल्ड्रिजनं एकात 46 आणि दुसऱ्यात 43 गुण केले. त्याला कोण अडवणार हेच ह्यूस्टनला कळत नव्हतं.

तिसरा सामना 25 एप्रिलला पोर्टलंडमध्ये होता. आपल्याकडे शनिवारची सकाळ. नाशिकला दोनच दिवसांपूर्वी लोकसभेचं मतदान झालेलं, बोटावरची शाई तशीच होती. टीव्हीवर सगळीकडे अमिरातीत चाललेली आयपीएल. आमच्या घरात हा सामना बघणारी मी एकटी.

ह्यूस्टनचे प्रशिक्षक केव्हिन मॅकहेल यांनी दोन बदल केले. पहिला सगळ्यांना दिसला: ओमर आशिकला ड्वाइट हॉवर्डच्या जोडीला सुरुवातीपासून उतरवलं, ऑल्ड्रिजवर लक्ष ठेवायला. दुसरा बदल मला तेव्हा कळलाच नाही. एक 22 वर्षांचा मुलगा कोर्टवर आला आणि मी पडद्यावर नाव वाचलं: ट्रॉय डॅनियल्स. कोण हा? संपूर्ण मोसमात तो एनबीएचे पाच सामने खेळला होता. ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याला कुणी घेतलं नव्हतं. मालिकेच्या पहिल्या दोन सामन्यांत तो बेंचवरच होता.

बरोबरी झाली आणि सामना ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा वेळात गेला. शेवटच्या काही सेकंदांत 116-116. बॉल ह्यूस्टनच्या जेरेमी लिनच्या हातात, आणि त्याच्या हातून तो सुटला! सगळ्यांच्या नजरा जमिनीवरच्या त्या बॉलवर. लिननं धडपडून तो परत मिळवला आणि उजव्या बाजूला टाकला. तिथे डॅनियल्स होता. त्यानं बॉल घेतला आणि लगेच थ्री मारला, म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेरून शॉट. घड्याळात 11.9 सेकंद. 119-116. पुढे 121-116 नं ह्यूस्टन जिंकलं.

डॅनियल्सचे त्या सामन्यातले गुण 9. ह्यूस्टनचा स्टार जेम्स हार्डन याचे 37, हॉवर्डचे 24 आणि वर 14 रिबाऊंड. नुसता स्कोअरकार्ड बघणाऱ्याला डॅनियल्स दिसणारही नाही.

मी ती शेवटची खेळी परवा रात्री किती वेळा पाहिली, मोजलं नाही. मी बघत होते ते लिनच्या हातून बॉल सुटल्यावर डॅनियल्स काय करतो. आमच्या मुलींच्या सामन्यात बॉल सुटला की सगळ्या बॉलकडे धावतात. तो धावला नाही. रेषेबाहेर आपल्या जागी राहिला. बॉल परत आपल्या संघाकडे आला तर आपण कुठे असायला हवं, हे त्याला ठाऊक होतं. मोठ्या लीगमध्ये पाच सामने खेळलेल्या पोराला हे आलं कुठून? माझा प्रश्न हाच आहे.

---

पाचवा_फाऊल
शनिवार, रात्री 10:02

ताई, मनापासून लिहिलंय, आवडलं. पण एका मुद्द्यावर मी वेगळं म्हणेन. सोळा वर्षांच्या मुलीला हे उदाहरण देताना पुढचंही सांगावं लागेल. दोन दिवसांनी चौथा सामना झाला. त्यात डॅनियल्सनं 17 गुण केले, आणि ह्यूस्टन पुन्हा ओव्हरटाइममध्ये 120-123 नं हरलं. मग सहाव्या सामन्यात पोर्टलंडच्या लिलार्डचा तो 0.9 सेकंद उरले असतानाचा थ्री आणि 98-99 नं ह्यूस्टनची मालिका संपली. आठ महिन्यांत डॅनियल्सला ह्यूस्टननं दुसरीकडे धाडलं.

थोडक्यात, एक शॉट पडला, बाकी आयुष्य तसंच राहिलं. तिनं विचारलं, "मग पुढे तो मोठा झाला का?" तर तुम्ही काय सांगणार? मी स्वतः कॉलेजच्या संघात तीन वर्षं बाराव्या नंबरवर होतो. माझा असा दिवस आलाच नाही. बहुतेकांचा येत नाही. म्हणून मला अशा गोष्टींची थोडी भीती वाटते. त्या मुलांना वाट बघायला शिकवतात, आणि वाट बघण्यात वर्षं जातात.

---

ह्यूस्टनकर
रविवार, पहाटे 4:35

तो सामना आम्ही पाच कुटुंबांनी एकत्र पाहिला होता. आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजता सुरू झाला आणि ओव्हरटाइम धरून मध्यरात्र उलटली. मुलं सोफ्यावर झोपून गेली होती. 0-2 झाल्यावर गावातला उत्साह पार ओसरला होता, ऑफिसात कुणी विषयही काढत नव्हतं. त्यामुळे डॅनियल्सचा शॉट पडला तेव्हा आम्ही आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग ओरडलो. झोपलेली मुलं दचकून उठली.

एक सांगतो. इथल्या नेहमीच्या प्रेक्षकांना डॅनियल्स अगदीच अनोळखी नव्हता. फेब्रुवारीत रॉकेट्सनं त्याला करारावर घेतलं तेव्हाच ऐकू आलं होतं की खाली व्हॅलीत एक पोरगा आहे, दिवसभर थ्री मारतो. व्हॅली म्हणजे रिओ ग्रांदे व्हॅली, मेक्सिकोच्या सीमेला लागून, ह्यूस्टनपासून गाडीनं पाच-सहा तास. हिदाल्गो नावाच्या छोट्या गावात व्हायपर्स संघ खेळायचा. तो रॉकेट्सचाच धाकटा संघ. सविस्तर आकडे कुणाकडे असतील तर जरूर लिहा.

---

बीव्हरटनकर
रविवार, सकाळी 7:15

मी त्या रात्री पोर्टलंडच्या स्टेडियममध्ये, मोडा सेंटरमध्ये होतो, पण दुसऱ्या बाजूला. आमचा भाग पोर्टलंडच्या पश्चिमेला. चिपच्या कारखान्यांमुळे इथे मराठी घरं बरीच आहेत. निळ्या लाइनची मॅक्स ट्रेन पकडली की थेट स्टेडियमजवळचं रोझ क्वार्टर. त्या दिवशी डब्यात सगळे लाल-काळे कपडे. 3-0 होणार याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती.

लिलार्डनं त्या दिवशी 30 केले, बातूमनं 26. ऑल्ड्रिजला आशिकनं जखडलं होतं, तो 23 वर थांबला, तरी सामना आमच्या हातात येत होता. लिनच्या हातून बॉल सुटला तेव्हा माझ्या आजूबाजूचे सगळे उभे राहिले होते. आम्हाला वाटलं, आता आपला झाला बॉल. आणि मग वीस हजार लोक एका क्षणात गप्प झाले. इतकी गच्च भरलेली जागा इतकी शांत झालेली मी परत अनुभवली नाही. शेजारच्या अमेरिकन आजोबांनी मला विचारलं, "हा कोण?" मला सांगता आलं नाही. ते प्रत्येक सामन्याला खेळाडूंची माहितीपुस्तिका घेऊन येत. त्यांनी पानं उलटली आणि बराच वेळ शोधत राहिले.

पाचवा_फाऊल यांना एक सांगावंसं वाटतं. सहाव्या सामन्यात लिलार्डचा शॉट पडला तेव्हाही मी तिथेच होतो. चौदा वर्षांनी आमच्या संघानं प्लेऑफची मालिका जिंकली होती, अनोळखी माणसं मिठ्या मारत होती. तो आनंद मी आयुष्यभर विसरणार नाही. पण तिसऱ्या आणि चौथ्या सामन्यात त्या पोरानं आम्हाला घाबरवलं नसतं, तर सहावा सामना झालाच नसता. आम्ही चारात संपवलं असतं. हरलेल्या संघातल्या बदली खेळाडूनं मालिका जिवंत ठेवली, ही काही लहान गोष्ट नाही. हे मी समोरच्या बाजूचा माणूस म्हणून सांगतोय.

---

आकडेवाला
रविवार, दुपारी 12:50

ह्यूस्टनकरांनी आकडे मागितले म्हणून लिहितोय. ताईंच्या "हे आलं कुठून" या प्रश्नाचं बरंचसं उत्तरही यातच आहे, असं मला वाटतं.

डॅनियल्स मूळचा व्हर्जिनिया राज्यातल्या रोअनोकचा. कॉलेज व्हर्जिनिया कॉमनवेल्थ, प्रशिक्षक शाका स्मार्ट. तो संघ कोर्टभर दबाव टाकणाऱ्या बचावासाठी ओळखला जायचा. डॅनियल्सचं काम एकच, लांबून शूट करणं. 2012 मध्ये एका सामन्यात त्यानं 11 थ्री मारले. तरी 2013 च्या ड्राफ्टमध्ये साठ नावांत त्याचं नाव नाही. एनबीएच्या शार्लट संघानं त्याला मोसमाआधीच्या सराव शिबिराला बोलावलं आणि मोसम सुरू होण्याआधी सोडून दिलं.

मग तो डी-लीगमध्ये आला, म्हणजे एनबीएची दुय्यम लीग, आजची जी लीग (2017 पासून हे नाव आहे). आता पैशांचा हिशेब बघा. त्या वर्षी डी-लीगमध्ये वरच्या श्रेणीतल्या खेळाडूला पूर्ण मोसमाचे साडेपंचवीस हजार डॉलर मिळत, खालच्या श्रेणीत तेरा हजार. एनबीएतल्या नवख्याचा किमान पगार त्याच वर्षी 4 लाख 90 हजार डॉलरच्या वर. त्याच वयाचा, तोच खेळ खेळणारा, रॉकेट्सच्याच धाकट्या संघातला मुलगा, आणि कमाईत हा फरक.

पण व्हायपर्सची गोष्ट वेगळी होती. रॉकेट्सचे तेव्हाचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांचा हिशेब असा की शॉट एक तर बास्केटच्या अगदी जवळून घ्या, नाही तर थ्री मारा, मधल्या टापूतून शक्यतो नकोच. हे सगळं टोकाला नेऊन बघायची जागा म्हणजे व्हायपर्स. त्या मोसमात एनबीएचा संघ सामन्यामागे सरासरी 21-22 थ्री मारायचा प्रयत्न करत होता. व्हायपर्स पंचेचाळीसच्या आसपास! त्यात डॅनियल्सनं मोसमात 240 थ्री पाडले, तेव्हाचा त्या लीगचा विक्रम. सामन्यामागे सरासरी पाचच्या घरात.

म्हणजे पोर्टलंडमधल्या त्या शॉटआधी, खऱ्या सामन्यात, अंगावर हात येत असताना, पाय दमलेले असताना, तोच शॉट त्यानं काही महिन्यांत शेकडो वेळा मारला होता. आपण त्याला "कमी वापरलेला नवखा" म्हणतो ते एनबीएच्या चष्म्यातून. व्हायपर्समध्ये तो रोज खेळत होता. बॉल सुटला तरी जागा सोडायची नाही ही सवय तिथलीच, कारण त्या पद्धतीत चार जण रेषेबाहेर पसरून उभे राहतात आणि बॉल फिरत फिरत शेवटी मोकळ्या माणसाकडे येतोच.

म्हणून माझं मत: तो दिवस आभाळातून पडला नाही. त्याची तालीम हिदाल्गोत झाली, आपण ती पाहिली नव्हती इतकंच.

---

नागपाड्याचा_जुना
रविवार, दुपारी 3:40

आकडेवाले, तुमचा शेवटचा मुद्दा अगदी खरा, आणि तो आमच्या गल्लीतही लागू पडतो.

मी नागपाड्यात वाढलो. मस्तान वायएमसीएचं कोर्ट आमचं सगळं जग होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दाटीवाटीच्या वस्तीत ते कोर्ट आहे, आणि तिथून मुंबईला, महाराष्ट्राला, देशाला किती खेळाडू मिळाले याची गणती नाही. संध्याकाळी कोर्टाबाहेर मुलांची रांग. जिंकेल तो संघ कोर्टवर राहणार, हरेल तो बाहेर. हरलात की पुन्हा नंबर लागायला तास-दीड तास. तेवढा वेळ बाहेर बसून काय करायचं? आमचे सीनियर सांगायचे, बाहेर बसून बॉल बघू नका, माणसं बघा. कोण कुठल्या हातानं ड्राइव्ह करतो, कोण दमला की डिफेन्सला मागे राहतो, कोण पास द्यायच्या आधी खांदा हलवतो. आत गेलात की हे सगळं वापरायचं.

मी स्वतः फार वर पोचलो नाही. पण एकदा एका स्पर्धेत आमच्या गार्डला पाच फाऊल होऊन तो बाहेर गेला आणि मला शेवटच्या दोन मिनिटांसाठी आत टाकलं. समोरच्या पोराला मी चार दिवस बाहेरून पाहत होतो. तो डावीकडे वळताना बॉल उंच उसळवतो हे मला माहीत होतं. दोन वेळा काढून घेतला. सामना आम्ही तीन गुणांनी जिंकला. माझ्या नावावर त्या दिवशी एकही गुण नाही. पण मैदानातून बाहेर येताना उस्तादांनी पाठीवर जो हात ठेवला, तो अजून आठवतो.

बेंच म्हणजे रिकामं बसणं नव्हे, हे त्या पोरीला सांगा. पण नुसतं सांगू नका, तिला काम द्या. पुढच्या सामन्यात तिच्या हातात वही द्या आणि समोरच्या संघाच्या एका खेळाडूचं नाव द्या.

---

राखीव_ची_आई
रविवार, संध्याकाळी 6:05

मी खेळाडू नाही, फक्त वाचते. माझा मुलगा चौदा वर्षांचा, दोन वर्षं संघात राखीव. आम्ही सामन्याला जातो, डबा नेतो, टाळ्या वाजवतो. घरी येताना तो खिडकीबाहेर बघत असतो. एकदा संघ जिंकला, सगळे उड्या मारत होते, हाही मारत होता. रात्री म्हणाला, "आई, मी जिंकलो की नाही ते मला कळत नाहीये."

त्याच्या आधीच्या प्रशिक्षकांनी पूर्ण मोसमात एकदाही त्याला बाजूला घेऊन सांगितलं नाही की तू का खेळत नाहीयेस, काय सुधारलं तर खेळशील. त्यानं विचारलं तर उत्तर मिळायचं, "तुझा नंबर येईल." दोन वर्षं तेच उत्तर. नागपाड्याचा_जुना म्हणतात तसं काम कुणी दिलं असतं तर फार फरक पडला असता. मुलाला न खेळणं तितकं बोचत नाही, आपण तिथे असल्या-नसल्यानं कुणाला काही वाटत नाही हे बोचतं. ताई, तुमच्याकडच्या मुलीनं निदान तुम्हाला येऊन विचारलं तरी. तिला तुमच्यावर विश्वास आहे म्हणून विचारलं. कृपा करून तिला खरं उत्तर द्या.

---

नाशिकची_गार्ड
रविवार, रात्री 9:30

राखीव_ची_आई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. "तुझा नंबर येईल" हे वाक्य मीसुद्धा कुणा ना कुणाला म्हटलं आहे. पुन्हा म्हणणार नाही.

आकडेवाले, तुम्ही माझा प्रश्न सोडवलात. आता त्यात एक भर घालते, कारण काल रात्री मला तो पास जास्त दिसायला लागला.

पास देणारा जेरेमी लिन. हाही ड्राफ्टमध्ये न निवडलेला. गोल्डन स्टेटनं सोडला. मग डिसेंबर 2011 मध्ये खुद्द ह्यूस्टननं ऐन नाताळच्या तोंडावर सोडला. न्यूयॉर्कनं घेतला आणि जानेवारीत डी-लीगमध्ये पाठवला, तिथे त्यानं ट्रिपल-डबल केलं (गुण, रिबाऊंड, असिस्ट अशा तिन्हींत दोन आकडी). पंधरा दिवसांत, 4 फेब्रुवारी 2012 ला, न्यूजर्सी नेट्सविरुद्ध बेंचवरून उठून 25 गुण, आणि मग तो रातोरात कसा गाजला ते सगळ्या जगानं पाहिलं. त्याच उन्हाळ्यात ह्यूस्टननं त्याला परत बोलावलं.

आता तो क्षण बघा. हार्डन कोर्टवर आहे, 37 गुण केलेला. सेकंद संपत आलेत. बॉल कसाबसा परत मिळालाय. अशा वेळी बहुतेक खेळाडू संघातल्या सगळ्यात मोठ्या नावाला शोधतात. लिननं मोकळा माणूस शोधला. तो मोकळा माणूस पाच सामन्यांचा नवखा आहे, हा विचार त्याच्या हातात शिरला नाही. डी-लीगच्या कोर्टवर घाम गाळलेल्या माणसाला त्या लीगमध्ये काय तयार होतं ते माहीत असतं, असं मला वाटतं.

आणि बाजूला उभे मॅकहेल. बॉस्टनचा हॉल ऑफ फेमर, पण कारकिर्दीतली कितीतरी वर्षं बेंचवरून उठून खेळलेला. 1984 आणि 1985, लागोपाठ दोनदा, सर्वोत्तम सहाव्या खेळाडूचा, म्हणजे सर्वोत्तम बदली खेळाडूचा, मान त्याला मिळाला होता. प्लेऑफमध्ये 0-2 मागे असताना बहुतेक प्रशिक्षक जुन्या-जाणत्यांना चिकटून राहतात. यानं पोराला आत टाकलं आणि ओव्हरटाइमच्या शेवटच्या क्षणापर्यंत आत ठेवलं.

म्हणजे शॉट मारणारा तयार होता हे खरंच. पण त्याला उतरवणारा आणि त्याच्याकडे बॉल टाकणारा, हे दोघेही तयार होते. मी आजवर मुलींना फक्त पहिलं शिकवलं. चांगल्या खेळणाऱ्या मुलींना मी कधी सांगितलं नाही की बेंचवरून आलेली मैत्रीण मोकळी असेल तर बॉल तिला द्यायचा. आमच्या सामन्यात ती आत आली की बाकीच्या चौघी तिला बॉल देत नाहीत. तीन मिनिटांत तिच्या हातात बॉल किती वेळा आला? मी आज व्हिडिओ पाहिला. एकदा. बाजूची रेषा ओलांडून गेलेला बॉल आत टाकताना.

---

पाचवा_फाऊल
रविवार, रात्री 10:48

ताई, हे वाचून मला माझं कॉलेज आठवलं. मलाही बॉल यायचा नाही. मी तेव्हा धरून चाललो होतो की माझंच काहीतरी कमी असेल.

"पुढे तो मोठा झाला का" हा प्रश्न मीच टाकला होता, म्हणून आज बसून डॅनियल्सची पुढची वाट शोधली. मी जे लिहिलं ते अर्धवट होतं. डिसेंबर 2014 मध्ये ह्यूस्टननं त्याला मिनेसोटाला दिलं. फेब्रुवारी 2015 मध्ये मिनेसोटानं शार्लटला. तेच शार्लट, ज्यानं दीड वर्षापूर्वी शिबिरातून परत पाठवलं होतं. आणि बदल्यात मिनेसोटानं कुणाला घेतलं? गॅरी नीलला!

नील आठवतो का? हाही न निवडलेला. तीन वर्षं तुर्कस्तान, स्पेन, इटली असा युरोपात खेळत फिरला आणि मग सॅन अँटोनियोत नवखा म्हणून आला. 2011 च्या प्लेऑफमध्ये मेम्फिसविरुद्ध पाचव्या सामन्यात संघ तीन गुणांनी मागे, घड्याळ संपतंय, आणि यानं थ्री मारून बरोबरी केली. सॅन अँटोनियो ओव्हरटाइममध्ये तो सामना जिंकलं आणि पुढच्या सामन्यात मालिका हरलं. गोष्ट जवळजवळ डॅनियल्सचीच. ते दोघे एकमेकांच्या बदल्यात गेले. शिवाय डॅनियल्सबरोबर शार्लटला गेला मो विल्यम्स, जो 2014 च्या त्याच मालिकेत पोर्टलंडकडून खेळत होता.

शार्लटमध्ये 2015-16 च्या मोसमात डॅनियल्सची थ्रीची टक्केवारी 48 च्या वर होती. जानेवारी 2016 मध्ये सॅक्रामेंटोत डीमार्कस कझिन्सनं 56 गुण कुटले, तरी शार्लट दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये एका गुणानं जिंकलं. डॅनियल्सचे 28, आणि अगदी शेवटी आघाडी देणारा थ्रीही त्याचाच. मग मेम्फिस, फिनिक्स, लॉस एंजेलिस लेकर्स, डेन्व्हर. सात मोसम. त्याचं नाव सामान्य माणसाला माहीत नाही, पण त्यानं या खेळावर घर चालवलं.

माझी भीती पूर्ण गेली नाही. तरी "एक शॉट पडला, बाकी आयुष्य तसंच राहिलं" हे माझं वाक्य मी मागे घेतो.

---

लुधियानाप्रेमी
सोमवार, सकाळी 8:20

उशिरा आलो. एक बाजू राहून जातेय म्हणून लिहितो. ज्या लीगनं डॅनियल्स दिला त्याच लीगमध्ये आपला सतनाम सिंगही खेळला. 2015 मध्ये डॅलसनं 52 व्या क्रमांकावर निवडलेला, लुधियानाच्या अकादमीत घडलेला, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. डॅलसच्या धाकट्या संघाकडून, टेक्सास लेजंड्सकडून दोन मोसम, तेही बहुतेक बेंचवर. एनबीएच्या सामन्यात त्याला एकही मिनिट मिळालं नाही. नंतर अमज्योत सिंगही ओक्लाहोमाच्या धाकट्या संघात खेळला.

मला सतनामची गोष्ट अपयशाची वाटत नाही. ज्या दिवशी त्याचं नाव पुकारलं त्या दिवशी आमच्या लातूरच्या कोर्टवर पोरं अंधार पडेपर्यंत खेळत होती. पण त्या मुलीला डॅनियल्स सांगाल तेव्हा सतनामही सांगा, म्हणजे राखीव_ची_आई म्हणतात तसं खरं उत्तर होईल.

---

नाशिकची_गार्ड
मंगळवार, रात्री 8:55

आज तिच्याशी बोलले. सराव संपल्यावर पायऱ्यांवर बसलो दोघी. मोबाइलवर ती खेळी दाखवली, आधी नेहमीच्या वेगानं, मग थांबवत थांबवत. डॅनियल्सची गोष्ट सांगितली, हिदाल्गो सांगितलं, सतनामही सांगितला. ती का खेळत नाही हेही खरंखरं सांगितलं: डिफेन्सला तिचे पाय हळू पडतात आणि दमली की ती सरळ उभी राहते. आणि तिला बॉल मिळत नव्हता यात माझी चूक होती, हेही सांगितलं.

ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "तो त्या जागेवरून रोज किती मारायचा?" नेमका आकडा मी कुठून देणार? म्हटलं, आपण आपला ठरवू. उजव्या बाजूच्या थ्रीच्या रेषेवरून रोज शंभर, किती पडले ते वहीत लिहायचं. एनबीएत त्या जागेवरून अंतर 7.24 मीटर, आपली रेषा 6.75, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पहिल्या दिवशी शंभरातले एकोणीस पडले. तिनं तारीख घालून लिहिले.

आजच्या सरावातच नवा नियम केला: बेंचवरून आत आलेल्या खेळाडूला पहिल्या तीन पासांत बॉल मिळालाच पाहिजे, नाही तर त्या संघाची बास्केट मोजायची नाही. सुरुवातीला मुली वैतागल्या. दहा मिनिटांनी आपोआप व्हायला लागलं. येत्या रविवारी जवळच्या शाळेबरोबर सरावसामना आहे. नागपाड्याचा_जुना, तुमची वही तिच्या हातात असेल. त्यांच्या चार नंबरच्या गार्डवर लक्ष ठेवायचं काम तिला दिलं आहे. आणि दुसऱ्या क्वार्टरला ती आत जाणार आहे, हे तिला आजच सांगून ठेवलं.

---

राखीव_ची_आई
मंगळवार, रात्री 9:20

ताई, आम्ही नाशिकरोडला राहतो. रविवारी मुलाला घेऊन बघायला आलो तर चालेल का? तोही गार्डच आहे.

---

नाशिकची_गार्ड
मंगळवार, रात्री 9:26

नक्की या. सामना सात वाजता, पण आम्ही पावणेसहालाच येतो. त्याला बूट घालून आणा, एक बास्केट रिकामी असते.